फोटोपुढे रडून गेलेला माणूस

सोमवार, ९ मार्च

उंदऱ्या,

आणि वर म्हणे ही परीक्षा होती. माणसाच्या मयताला परीक्षा घेतात का रे? आशीर्वाद खाली लिहीन, आधी हे ऐक. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू गोड बोलतोस आणि मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते. कागदाला मध्येच बोलता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर दोनदा वाच.

आमची स्टोअरवाली ताई गेली ते तुला सांगितलंच होतं. थंड खोलीतली सगळी औषधं तिच्या ताब्यात असायची. मी झाडलोटीच्या बायकांची मुकादम, ती सही-शिक्क्याची बाई, पण जेवायला एकाच टेबलावर. परवाच्या शनिवारच्या आधीचा जो शनिवार, त्या दिवशी पॅकिंगच्या हॉलमध्ये तिचा फोटो ठेवला, फुलं ठेवली, मशीन बंद केली आणि सगळे खाली उतरले.

आमच्याकडे अशा दिवशी गेटवरची वही पालथी घालतात. ही रीत मेजरची. मेजर म्हणजे आमचा गेटवाला, पलटणीत कधी नव्हता, मिशीमुळे नाव पडलं. पूर्वी आमचा एक ड्रायव्हर गेला तेव्हा त्याच्या बायकोला गेटवर वहीत लिहायला लावलं होतं. नाव लिहिलं तिने, पत्ता लिहिला. ‘कुणाला भेटायचे आहे’ या रकान्यापाशी आली आणि पेन धरून उभीच राहिली. मेजर तेव्हा नवा होता. ती वही त्याने तिच्या हातातून काढून घेतली आणि पालथी घातली. तेव्हापासून कुणी गेलं की वही पालथी. घरच्या माणसाला गेटवर काही विचारायचं नाही.

तर त्या शनिवारी एक माणूस आला. तिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फुलं. म्हणाला, ताई माझी आत्या. फोटोपुढे उभा राहिला आणि असा रडला की आमच्या पॅकिंगच्या पोरींनी तोंडं फिरवली. मी त्याला धरलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. उपाशी दिसला म्हणून माझा डबा त्याच्यापुढे सरकवला. खाल्ला मेल्याने. बोटं चाटून खाल्ला.

बुधवारी सगळ्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. जिथे ताईचा फोटो होता तिथे पडदा लावला होता. पडद्यावर काय, तर थंड खोलीच्या आतले फोटो. ताईची मांडणी, ताईच्या हाताने लावलेली खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली, ‘हे चोरीला गेले’. शेवटच्या फोटोत तो. हसत. ताईच्या स्टुलावर बसून.

मोठे साहेब म्हणाले, ही सुरक्षेची चाचणी होती, बाहेरची कंपनी बोलावली होती, आणि आपण नापास झालो. मग मेजरला उभं केलं. म्हणाले, या गृहस्थांनी अनोळखी माणसाला नोंद न करता आत सोडलं. मेजरला त्याच दिवशी घरी बसवलं, चौकशी व्हायची आहे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती त्याची. आता काढून टाकला तर या वयात त्याला कोण कुठल्या गेटवर उभा करणार?

मला ओकारी आली. बोलायची रीत म्हणून लिहीत नाही, खरंच मोरीत जाऊन आले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ऐकून होते, ते माझ्या डब्यातून खाताना पाहिलं.

तू सिक्युरिटीत आहेस. सांग, तुमच्यात असं करतात का? आणि चौकशीत मेजरने काय बोलावं तेही सांग.

आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस.

मावशी


शुक्रवार, १३ मार्च

मावशी,

पाया पडतो. पत्र वाचताना तू समोर बसून रागे भरतेयस असंच वाटलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी रागावलं नव्हतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हे काम असतं, आणि कंपनी स्वतः बोलावते. भिंतीला तारा असतात, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे असतात, कुलपं महागडी असतात, आणि मग कुणीतरी भला माणूस दार धरून म्हणतो, या. म्हणून चाचणी करणारे माणसांकडूनच आत शिरतात. कुणी दोन्ही हातांत खोकी घेऊन येतो, म्हणजे दार दुसऱ्याने उघडावं. कुणी लिफ्ट दुरुस्तीवाला होतो. कुणी पायाला प्लास्टर घालून येतो. ऐकायला वाईट वाटतं, पण खरा चोर मयत दिसलं म्हणून मागे फिरत नाही, मावशी. उलट त्याला तोच दिवस बरा. तुमच्या खोलीतली औषधं आजारी माणसांच्या अंगात जातात. त्यात उद्या कुणी भलतंच काही मिसळलं तर? मग रडायला किती फोटो ठेवावे लागतील?

तुला लागलं ते तू मायाळू आहेस म्हणून. परका माणूस, पण तू त्याला धरलंस, स्वतःचा निळ्या काठाचा रुमाल दिलास, डबा दिलास. तुझी चूक नाही. पण आत शिरणारे नेमकं तेच हेरतात.

मेजरकाकांनी चौकशीत वाद घालू नये. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच म्हणावं. समज देऊन सोडतील. असं सगळीकडेच होतं, चार दिवस गाजतं आणि मग लोक विसरतात.

तू आता हे डोक्यातून काढ. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, पाठवतो.

तुझा,
उंदऱ्या


मंगळवार, १७ मार्च

उंदऱ्या,

रुमालाचं मी लिहिलं नव्हतं.

मला एकेक ओळ लिहायला घाम फुटतो, त्यामुळे काय लिहिलं ते पाठ असतं. पाणी लिहिलं, खुर्ची लिहिली, डबा लिहिला. रुमाल राहिला. आणि त्याचा काठ निळा हे तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पॅकिंगच्या पोरींनाही सांगता येणार नाही. तो रुमाल तुझा माणूस परत न देता खिशात घालून गेला. तुमच्या ऑफिसात तो तुम्ही टेबलावर ठेवून बघितलात, होय ना? हसलात का रे?

आता मला मागचंही आठवायला लागलं. ताई गेली त्या रात्री मी फोनवर रडत होते आणि तू म्हणालास, “कंपनीत कधी ठेवलंय गं सगळं? किती वाजता?” मी सांगितलं. मग म्हणालास, “अजून वही पालथी घालतात का तुमच्याकडे?” मला केवढं भरून आलं होतं. म्हटलं, पोर लहानपणी माझ्या मांडीवर बसून कामाच्या गोष्टी ऐकायचं, अजून लक्षात आहे त्याच्या. तुझी आई गेल्यावर तुला वाढवला तो काय यासाठी? फडताळातले डबे उघडून खायचास म्हणून उंदऱ्या नाव ठेवलं, तेव्हा हसायला यायचं. आता माझ्या मेलेल्या मैत्रिणीचं फडताळ उघडलंस.

मी चार घरी सांगत फिरले, माझा भाचा सिक्युरिटीत मोठा साहेब आहे. म्हणजे काय करतो ते मलाच ठाऊक नव्हतं.

तुझं सगळं ज्ञान मी नीट वाचलं. खोकीवाला, लिफ्टवाला, प्लास्टरवाला. चोर कसा येतो ते कळलं. औषधांचंही तू म्हणतोस ते खरं, ती नीट राहायला हवीत, ताई त्यासाठीच हाडाची काडं करत होती. पण आता माझं ऐक, कारण हे तुझ्या माणसाने तुला सांगितलंय की नाही ते मला बघायचंय.

थंड खोलीला आकड्यांचं कुलूप आहे. तो आकडा मेजरला माहीत नाही. मलाही नाही, आम्ही फरशी पुसायला जातो तेव्हा कुणीतरी येऊन उघडून देतं. मग तुझ्या माणसाला कुणी उघडून दिलं? मी डबा धुवायला निघाले होते, तेव्हा या डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या साहेबांनी. त्याच्या खांद्यावर हात टाकून घेऊन गेले. म्हणाले, “चला, तुमच्या आत्या कुठे बसायच्या ते दाखवतो.” आणि स्वतःच्या बोटाने आकडे दाबले. मग त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत जिन्याकडे गेले आणि तुझा माणूस आत राहिला. आणि बुधवारी त्याच बोटाने मेजरकडे दाखवलं.

तू विचारशील मी तेव्हाच का बोलले नाही. मला वाटलं, एवढी परीक्षा घेणाऱ्यांनी लिहिलंच असेल, साहेब वाचतील आणि लाजतील. साहेबांचं तोंड लाजल्यासारखं दिसलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान संन्यासी तरी धड निवडायचा.

तुमच्या कागदात साहेबांचं नाव आहे की नाही? एवढंच लिही. गुडघ्याच्या तेलाचं लिहू नकोस.

मावशी


शनिवार, २१ मार्च

मावशी,

तू ओळखलंस. लपवायला नको होतं.

मी स्वतः आलो नाही कारण तू मला बघितलं असतंस. बेत माझा होता. आमच्या ऑफिसात तुमच्या कंपनीचं काम आलं तेव्हा, माझी मावशी तिथे आहे, हे सांगायला हवं होतं. नियम आहे तसा. मग ते काम दुसऱ्याला गेलं असतं. माझं मोठ्या जागेसाठी नाव चाललं होतं, म्हणून बोललो नाही. तू फोनवर सांगत गेलीस आणि मी ऐकत गेलो. तेव्हा मला ते वाईट वाटलं नाही, हेच आता वाईट वाटतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या अहवालात साहेब होते. मीच लिहिलं होतं, की प्रवेशद्वारावर नोंद झाली नाही आणि आतल्या खोलीचं कुलूप एका वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः उघडून दिलं. आमच्या वरच्यांनी दुसरं वाक्य काढून टाकलं. म्हणाले, ज्याने बोलावलं त्यालाच नापास केलं तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार? मी एकदा म्हटलं, हे बरोबर नाही. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. पहिल्यावर सही माझी होती, दुसऱ्यावरही माझीच आहे.

मेजरकाकांना घरी बसवतील असं मला वाटलं नव्हतं. अहवालात कुणाचं नाव घालत नाही आम्ही, ‘गेटवरील कर्मचारी’ एवढंच असतं. पण गेटवर एकच कर्मचारी असला की नाव घालावं लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता मी काही लिहून दिलं तर दोन गोष्टी होतील. गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहे ती मोडेल, आणि तू तिथे आहेस हे बाहेर येईल. माझी नोकरी जाईल, आणि या धंद्यात मग कुणी दारात उभं करत नाही. तुझ्यावरही येईल, कारण वहीचं तू मला सांगितलंस. म्हणून म्हणतो, हे इथेच थांबू दे. माझ्या ओळखीत एका मोठ्या दुकानात रखवालदार हवा आहे. मेजरकाकांना तिथे लावून देतो. बसायला खुर्ची आहे, काम हलकं आहे.

सोबत रुमाल पाठवतो. तो माणूस, माझा सोबती, त्याने धुऊन इस्त्री करून दिलाय. तो म्हणाला, सुरुवातीला नाटक होतं, पण तू पाठीवरून हात फिरवलास तेव्हा त्याला खरंच रडू आलं. त्याची आई गेली तेव्हा तो अशाच एका कामावर होता, जाता आलं नाही. तुला हे सांगायला त्याने सांगितलं.

आम्ही हसलो नाही, मावशी.

उंदऱ्या


शुक्रवार, २७ मार्च

उंदऱ्या,

रुमाल मिळाला. त्याने मी ऑफिसातला साहेबांच्या मजल्यावरचा संडास पुसला आणि टाकून दिला. तुझ्या सोबत्याला सांग, आईसाठी रडायचं असेल तर आईच्या फोटोपुढे रड, माणसाने तेवढी सोय घरी करावी. खरं रडू आलं म्हणतो. मग खरं रडून झाल्यावर डोळे पुसून लाल चिठ्ठ्या चिकटवल्या ना? नाटकी रडला असता तर मला कमी किळस आली असती.

मेजरकडे जाऊन आले. तुझी खुर्ची सांगितली त्याला. तो बूट पॉलिश करत होता. रोज करतो, बायको म्हणाली, सकाळी उठून बूट चकाचक करायचे आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचे. खुर्चीचं ऐकून म्हणाला, मला बसायला नकोय. मग मी त्याला सगळं सांगितलं, तुझं, माझं, फोनचं. वाटलं होतं आता हा मला दारातून बाहेर काढणार. त्याने दुसरा बूट ओढला आणि ब्रश मारता मारता म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी मी त्या माणसाकडे कार्ड मागितलं असतं, तर तुम्हीच माझ्या मुस्काटात मारली असती.”

खरं आहे. मारली असती.

आता गेल्या मंगळवारचं ऐक, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले, नाहीतर तुझ्यावर अजून शाई घालवायची माझी इच्छा नव्हती.

आमच्या पॅकिंगमधल्या एका पोरीचे वडील वारले. तिला फोन आला तेव्हा ती मशीनवर होती, खालीच बसली. तिला न्यायला तिची बहीण आली. गेटवर आता नवा माणूस आहे, तुमच्यासारख्या कुठल्यातरी कंपनीने पाठवलेला. वही उघडी. त्याने बहिणीची पिशवी रिकामी करायला लावली, वहीत लिहायला लावलं, कार्ड मागितलं. ती घरातून तशीच धावत आलेली, कार्ड कुठलं असणार? काचेच्या बाहेर उभी राहून रडत होती. आतून आम्ही सगळ्या बघत होतो, निदान वीस जणी. एकही उठली नाही.

मीही उठले नाही.

मी तिच्याकडे बघून काय विचार केला सांगू? म्हटलं, ही पण त्यांचीच असेल. नीट निरखून बघितलं मी तिच्याकडे, चप्पल बघितली, नखं बघितली, रडणं कितपत खरं वाटतंय ते बघितलं. बाप मेलेल्या बाईचं रडणं मी काचेतून तपासत होते. शेवटी ती पोरच भिंतीला धरत धरत बाहेर गेली आणि दोघी रस्त्यावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग कळलं खरी होती.

त्या रात्री मला स्वतःच्या अंगाचा वास आल्यासारखं झालं. दोनदा अंघोळ केली. तुझा राग येतो, साहेबांचा येतो, पण ही किळस माझी मलाच आली, आणि ती उतरत नाही.

तू लिहितोस हे इथेच थांबू दे. इथे थांबलेलं नाही रे काही. वही उघडी आहे, मेजर घरी आहे, साहेब आकडे दाबतायत आणि माझी नजर बाटली आहे.

मेजरची चौकशी सोमवारी, ६ एप्रिलला आहे. मुख्य ऑफिसातून एक बाई येणार आहेत, म्हणे कुणाचं ऐकत नाहीत. तू एक कागद लिहायचा. तुझ्या हाताने, मशीनवर नको. त्यात दोनच गोष्टी हव्यात: पहिल्या अहवालात काय होतं, आणि ते कुणी काढलं. मेजरने वही पालथी घातली ते खुशाल लिही. त्याने घातली होती, तो नाही म्हणत नाही. पण आतलं दार कुणी उघडलं तेही लिही. तुझी नोकरी जाईल म्हणतोस. जाईल. माझी पण जाईल. मी त्या बाईंसमोर उभी राहून सांगणार आहे की वहीचं मीच बोलले, कुणाशी बोलले आणि तो माझा कोण लागतो. ते मी तुझा कागद आला तरी सांगणार आणि नाही आला तरी. फरक एवढाच, की कागद आला तर झाडलोटवाली बाई आकसाने बोलते असं साहेबांना म्हणता येणार नाही.

नोकरी गेली तर इथे ये. खोली आहे, दोन ताटं आहेत. डबे उघडून खा, काही म्हणणार नाही. पण कागद न पाठवता आलास तर दारात मी वही घेऊन बसेन. नाव, पत्ता, कुणाला भेटायचे आहे. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते येताना ठरवून ये.

कुरिअरने पाठव, पोस्टाने वेळ लागतो. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

शनिवारी, ४ तारखेला, संध्याकाळच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

मावशी